ताप, गोळ्या आणि वीर्यतपासणीचा रिपोर्ट

पर्वतीपायथा

धागा अर्धा माहितीचा, अर्धा चौकशीचा. विषय चारचौघांत न बोलण्याचा समजला जातो, म्हणूनच इथे काढतोय. ज्यांना अवघड वाटेल त्यांनी पाककृती विभागात एक चक्कर मारून यावी, तिथे सध्या उकडीच्या मोदकांवरून जुंपली आहे.

आम्ही मुलासाठी प्रयत्न सुरू करून वर्ष उलटलं. बायकोच्या सोनोग्राफ्या झाल्या, हार्मोन्सच्या तपासण्या झाल्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणारा तो दुखरा एक्स-रेही झाला. माझी तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखण्याची, ती मात्र लिहून दिली सगळ्यांच्या शेवटी. रिपोर्ट आला: एका मिलीलीटरमध्ये सहा दशलक्ष शुक्राणू, त्यातले पुढे सरकणारे जेमतेम. तळाशी एका दमात म्हणता येणार नाही असं निदान.

ज्या मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "मागच्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला का?" आला होता. गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत डेंग्यू होता, त्यात मीही एकशेतीनच्या तापात पडून होतो. मग पुढचा प्रश्न, "गोळ्या कोणत्या चालू आहेत? केसांची, पोटाची, झोपेची, सगळ्या सांगा."

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत देतो. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, शिवाय वृषणावरच्या नळीत तो पक्का व्हायला दहा-बारा दिवस. म्हणजे आज दिलेल्या नमुन्यात जे दिसतं त्याची सुरुवात अडीच-तीन महिन्यांपूर्वी झालेली असते. वृषणं शरीराबाहेर असतात ती त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सियसने कमी तापमान लागतं म्हणून. तिथे ताप चढला की कामाची घडी विस्कटते, आणि हे रिपोर्टात लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी आकडा खाली जातो, आपण ताप विसरून गेल्यावर. बहुतेकांचा तीन महिन्यांच्या आसपास परत वर येतो.

मला हे कोणत्याच लॅबच्या फॉर्मवर विचारलं नव्हतं. जेवणाआधी की जेवणानंतर हे मात्र विचारलं होतं, का ते त्यांनाच ठाऊक.

तर चौकशी अशी, की आणखी कोणते आजार आणि कोणती नेहमीची औषधं यात येतात? इथे डॉक्टर आणि औषधांच्या दुकानातली मंडळी आहेत, त्यांनी लिहावं. अनुभव असतील तर तेही.

सदाफुली

धाग्याबद्दल आभार. नवऱ्याची तपासणी "सगळ्यांच्या शेवटी" हे वाचून हात कपाळावर मारला. आमच्याकडे सासूबाई त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचा म्हणून भटजींशी तारीख ठरवून मोकळ्या झाल्या होत्या, पण मुलाला कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये पाठवा म्हटलं की "त्याला काय झालंय, चांगला धडधाकट आहे". धडधाकट असण्याचा याच्याशी संबंध नाही हे त्यांना पटवायला माझ्या नणंदेला कोल्हापूरहून यावं लागलं.

वाचतेय.

मूत्रविकारवाला

याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी आकड्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा मिलीलीटरला १६ दशलक्ष, एकूण नमुन्यात ३९ दशलक्ष, पुढे सरकणारे ३० टक्के आणि व्यवस्थित आकाराचे ४ टक्के. हो, फक्त चार. "९४ टक्के ॲबनॉर्मल" असं वाचून रडवेली झालेली जोडपी माझ्याकडे दर आठवड्याला येतात. तो रिपोर्ट त्या बाबतीत ठीक असतो. या मर्यादा काढल्या आहेत त्या ज्यांच्या बायकांना वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांच्या मोजणीवरून, त्यांच्यातले सगळ्यांत खालचे पाच टक्के सोडून. म्हणजे १५ आला म्हणून मूल होणार नाही असं नाही आणि ५० आला म्हणून होईलच असंही नाही. एका रिपोर्टावर निदान करू नये, काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा घ्यावा. मध्ये ताप येऊन गेला असेल तर सरळ तीन महिने थांबून.

आता आजार. गालगुंड लहानपणी झाला तर सहसा काळजी नाही. वयात आल्यावर झाला तर दर पाच-सहा जणांत एखाद्याच्या, काही साथींत त्याहून जास्त जणांच्या वृषणाला सूज येते. बहुतेक वेळा एकाच बाजूला, त्यामुळे पूर्ण वंध्यत्व क्वचित. पण सूज आलेलं वृषण पुढे बारीक झालेलं मी पाहिलं आहे. इथे एक गोष्ट पालकांसाठी. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. बालरोगतज्ज्ञ एमएमआर लिहून देतात त्यात ती असते. मुलाच्या पिवळ्या पुस्तकात बघून घ्या कोणती दिली आहे.

क्षय. आपल्याकडे हा विसरून चालत नाही. फुप्फुसाचा नसून वृषणाच्या वरच्या नळीचा क्षय असू शकतो. तिथे गाठ लागते, दुखतेच असं नाही, आणि नळी बुजते. कारखाना चालू, पण माल बाहेर यायला रस्ता नाही. क्षयाच्या औषधांनी जंतू मरतात, बुजलेली नळी उघडेलच असं नाही. क्लॅमिडिया आणि परमा या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांनीही अशीच वाट बंद होऊ शकते.

मधुमेह जुना आणि अनियंत्रित असेल तर नसा बिघडतात, आणि वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जातं. रुग्ण सांगतो "काही येतच नाही". अशा वेळी नंतरची लघवी तपासली की शुक्राणू सापडतात. ही तपासणी लिहून द्यायचं बऱ्याचदा राहून जातं.

व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या शिरा फुगणं, बहुतेक डाव्या बाजूला. साधारण १५ टक्के पुरुषांत असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत मात्र ३५-४० टक्क्यांत सापडतं. ते हाताने तपासून कळतं. सोनोग्राफीतच फक्त दिसणाऱ्या बारीकशा व्हेरिकोसीलचं ऑपरेशन कुणी घाईने सुचवलं तर दुसरं मत घ्या.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन (बायकांत दूध आणणारं हार्मोन, पुरुषांतही थोडं असतं), यकृत आणि मूत्रपिंडाचे जुने आजार हेही यादीत आहेत, पण ते रक्ततपासणीत कळतात.

केमिस्ट_नारायणपेठ

डॉक्टरांनी आजार घेतले, औषधं मी घेतो. काउंटरच्या या बाजूला उभं राहून बरंच दिसतं.

सगळ्यांत जास्त तरुण गिऱ्हाईक आहे ते केसांच्या गोळीचं, फिनास्टेराइड एक मिलिग्रॅम. लग्न ठरायच्या आधी टक्कल थांबवायचं आणि लग्नानंतर गोळी तशीच चालू. बऱ्याच जणांना काही होत नाही. काहींचं वीर्याचं प्रमाण कमी होतं, थोड्यांचा आकडाही बराच घसरतो, आणि गोळी थांबवल्यावर काही महिन्यांत सुधारतो. ज्याचा रिपोर्ट मुळातच कमी आहे त्याने ही गोळी डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. सांगत कुणी नाही, कारण केसांच्या गोळीला औषध समजत नाहीत.

दुसरं, टॅम्सुलोसिन. नाव प्रोस्टेटशी जोडलेलं, पण मुतखडा पडावा म्हणून पंचविशी-तिशीच्या मुलांनाही काही आठवडे देतात. त्या काळात काहींचं वीर्य फारच कमी येतं किंवा येतच नाही. मुलं घाबरतात. बंद केलं की पूर्ववत. पण नेमका त्याच दिवसांत वीर्याचा नमुना दिला तर रिपोर्ट भयंकर येऊ शकतो.

तिसरं, आणि हे माझं आवडतं दुखणं. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल. हिंजवडीला जाणारा प्रत्येक दुसरा माणूस ती मागतो, "ती पिवळी-पांढरी द्या" म्हणून, चिठ्ठी कधीकाळची. लेव्होसल्पिराइडने प्रोलॅक्टिन वाढू शकतं. प्रोलॅक्टिन वाढलं की इच्छा कमी होते, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरतं. डोम्पेरिडोनचंही तेच, मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोनचंही. साधी ॲसिडिटीची गोळी वेगळी आणि ही जोडगोळी वेगळी. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात दोन नावं असतात, ती वाचा.

सल्फासॅलाझिन: आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी आणि सांध्यांसाठी देतात. यात शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी होतात, हे पुस्तकात स्पष्ट आहे, आणि थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत परत येतात. कोलायटिसवाल्यांना त्याऐवजी मेसालामिन देता येतं. हा बदल डॉक्टर करतील, तुम्ही नाही.

नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी वीर्यपतनाला उशीर होतो किंवा होतच नाही. या गोळ्या मनाने बंद करू नयेत. एकदम सोडलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत, आणि मूळ आजार उलटला तर मूल वगैरे सगळंच बाजूला राहतं.

शंकेखोर

म्हणजे आता डोकं दुखलं तरी गोळी घ्यायची नाही का? हे असे धागे वाचून लोक रक्तदाबाच्या गोळ्या कचऱ्यात टाकतात. परवा व्हॉट्सॲपवर आलंच होतं की करोनाच्या लशीने पुरुष वांझ झाले.

मूत्रविकारवाला

शंका रास्त आहे. तापात पॅरासिटामॉल घ्यायचीच. ताप अंगावर काढल्याने जे होईल ते गोळीने होणार नाही. एकदोनदा घेतलेली वेदनाशामक गोळी किंवा पाच दिवसांचं प्रतिजैविक यामुळे कुणाचं मूल अडत नाही. रोज, महिनोन्‌महिने, स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन घेणं वेगळं. २०१८ साली ३१ तरुणांवरचा एक अभ्यास आला होता. रोज १२०० मिलिग्रॅम सहा आठवडे दिल्यावर टेस्टोस्टेरॉन टिकवायला त्यांच्या शरीराला जास्त जोर लावावा लागतोय असं दिसलं. त्यात शुक्राणू मोजले नव्हते, तेव्हा त्याचा बाऊ नको. पण कंबरदुखीसाठी वर्षभर घेत असाल तर कंबर दाखवा.

लशीबद्दल: २०२१ मध्ये अमेरिकेत मायामीला ४५ पुरुषांचे नमुने एमआरएनए लशीच्या आधी आणि दुसऱ्या डोसनंतर तपासले. आकडे घटले नाहीत. करोनाच्या तापाने मात्र काही काळ घटतात, डेंग्यूने घटतात तसेच.

तालीमबाज

मी जिममध्ये ट्रेनर आहे. (कुठल्या ते विचारू नका.) इथे टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा विषय कसा नाही आला? पोरं विशीतली असतात, कुणी "सायकल" (म्हणजे काही आठवड्यांचा इंजेक्शनांचा कोर्स) घे म्हणालं की घेतात. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी ताकद, मग मूल व्हायला चांगलंच, असा सगळ्यांचा समज. माझाच एक जुना मेंबर लग्नानंतर तपासायला गेला तर रिपोर्टात शून्य. दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवाव्यात, आणि शून्य.

मूत्रविकारवाला

तालीमबाज, बरं केलंत लिहिलंत. लोकांना सर्वांत उलटं वाटणारी गोष्ट हीच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटतं, पुरेसं आहे, आणि ती वृषणांना हुकूम पाठवणं बंद करते. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, ते इंजेक्शनने तिथे पोचत नाही. मग उत्पादन ठप्प, वृषणं मऊ आणि लहान. हे इतकं भरवशाचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनांथेट देऊन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचण्या केल्या होत्या. म्हणजे ही पोरं पैसे मोजून गर्भनिरोधक टोचून घेतात.

थांबवल्यावर बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात परत येतं, काहींना दोन वर्षं लागतात. बरीच वर्षं आणि चार-चार औषधं मिसळून घेतलेल्यांची खात्री देत नाही. काहींना एचसीजी किंवा क्लोमिफेन देऊन मदत करता येते, पण तेही जिममधल्या मित्राकडून घ्यायचं औषध नव्हे.

आणखी एक वाईट प्रकार. "थकवा येतो, इच्छा नाही" म्हणून कुठेतरी टेस्टोस्टेरॉन कमी निघालं आणि मुलासाठी प्रयत्न करणाऱ्यालाच कुणी जेल किंवा इंजेक्शन सुरू करून दिलं. मूल हवं असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

एरंडवणेकरीण

एक वेगळा प्रश्न. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या भागात झिका निघाला तेव्हा गरोदर बायकांच्या तपासण्या चालू होत्या. पुरुषांचं काय? तो तर डास चावल्याने होतो ना?

मूत्रविकारवाला

डासाने होतो, पण वीर्यात बराच काळ राहतो आणि संबंधांतून पसरतो. म्हणून झिका झालेल्या पुरुषाने लक्षणं दिसल्यापासून तीन महिने निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत, मुलासाठीचे प्रयत्नही तोवर थांबवावेत. राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या बेलसरला सापडला होता, तेव्हा हा काही ब्राझीलचा आजार म्हणून सोडून देता येत नाही. इथे धोका शुक्राणूंच्या आकड्याला फारसा नाही, गर्भाला आहे.

निळीछत्री

माझ्या धाकट्या भावाला हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) झाला तेव्हा तो चोवीसचा होता, लग्न वगैरे लांबच. केमो सुरू करायच्या आदल्या आठवड्यात एका नर्सने आईला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलाचे शुक्राणू साठवून ठेवा." आई तिच्यावर चिडली, पोरगं जगतंय की नाही आणि हिला हे सुचतंय. भाऊ स्वतः जाऊन देऊन आला. आज तो बरा आहे, ते साठवलेलं वापरायची वेळ आलेली नाही, पण आहे याचा त्याला आधार आहे. बाकी काही सांगायचं नाही, फक्त केमो आधी हे विचारा. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं असतील तर नक्कीच, असं आम्हाला सांगितलं होतं.

बोलघेवडा

नमुना द्यायच्या अनुभवावर कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. उपनगरातली एक लॅब. नाव घेत नाही. रिसेप्शनवरच्या बाईंनी भरल्या हॉलमध्ये विचारलं, "सीमेनवाले कोण?" मग हातात झाकणाची डबी आणि जिन्याखालची एक खोली. तिला कडी होती, पण ती लागत नव्हती, दार पायाने दाबून धरायचं. भिंतीवर मधुमेहींच्या आहाराचा तक्ता, त्यात कारल्याचं चित्र. बाहेर कुणीतरी सतत विचारतंय "आत आहे का कुणी?". अशा परिस्थितीत जो आकडा येईल तो येईल.

घरून नेता येतो हे मला नंतर कळलं.

केमिस्ट_नारायणपेठ

कारलं! हसू नये, पण हसलो.

घरून नेता येतो, पण अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचला पाहिजे. आपल्याकडे सिंहगड रोडवरून संध्याकाळी निघालात तर विसरा. डबी शर्टाच्या आतल्या बाजूला, अंगाच्या उबेत ठेवायची. डिकीत नको, बर्फात तर अजिबात नको. त्याआधी दोन ते सात दिवसांचं अंतर. तेल, साबण, थुंकी, साधा निरोध काही वापरायचं नाही. आणि पहिला भाग सांडला तर तसं लॅबला सांगायचं, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात.

सदाफुली

अश्वगंधाबद्दल कुणी सांगेल का? सासऱ्यांनी मंडईतून कुठलंसं चूर्ण आणून दिलंय, लेबल नाही.

मूत्रविकारवाला

अश्वगंधावर लहान लहान चाचण्या झाल्या आहेत, काहींत आकडा वाढलेला दिसला. क्वचित कुणाच्या यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. तज्ज्ञ वैद्यांनी बघून दिलं असेल तर माझी तक्रार नाही. बिनलेबलाचं चूर्ण मात्र फेकून द्या. त्यात अश्वगंधाच आहे हे कुणी सांगितलं? अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडतात.

संपादक मंडळ

"शंभर टक्के खात्रीचा उपाय, फोन करा" छापाचे प्रतिसाद उडवले आहेत. धागा चालू राहील.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार. वर जोडगोळीबद्दल वाचून घरातला डबा उपसला, माझी ॲसिडिटीची कॅप्सूल नेमकी लेव्होसल्पिराइडचीच निघाली. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी बदलून दिली आणि प्रोलॅक्टिन तपासायला सांगितलं. दुसरा नमुना दिवाळीनंतर द्यायचा आहे. मूत्रविकारवाला, तोही कमी आला तर पुढे काय असतं? बायकोला आत्ताच आयव्हीएफचं पॅकेज ऐकवलं गेलंय.

मूत्रविकारवाला

तापापासून पुरते तीन महिने होऊ द्या, दिवाळी लवकर असेल तर आणखी थांबा. दुसराही कमी आला तर हाताने तपासणी, मग सकाळच्या वेळी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएच (पिट्युटरी वृषणांना ज्यातून हुकूम पाठवते ते हार्मोन). एफएसएच फार वाढलेलं असेल तर अडचण वृषणात आहे असं समजतात. शुक्राणू शून्य असूनही ते नॉर्मल आणि वृषणांचा आकार चांगला असेल तर वाट बुजली असण्याची शक्यता बघतात. आकडा पाचच्या खाली राहिला तर कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी सुचवतात. तुमचा सहा आहे, तोही डेंग्यूनंतरचा. बायकोचं वय पस्तिशीच्या आत असेल आणि बाकी रिपोर्ट ठीक असतील तर तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. पस्तिशीपुढे असेल तर दोन्ही कामं बरोबर चालू ठेवा, तिचा वेळ घालवू नका. वय व्यनिने (खासगी निरोपाने) कळवा.

पर्वतीपायथा

एकतीस. इथेच सांगतो, त्यात लपवायचं काय. आणि कडी लागणारी लॅब कुणाला माहीत असेल तर त्यांनीही व्यनि करा, स्वारगेटच्या आसपासची.